तुरीतून आणलेलं शिल्प

यवतमाळच्या कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला सरांनी सांगितलं, उघड्यावर ठेवायचं, वाऱ्यानं हलणारं आणि उजेडाचा वापर करणारं शिल्प करा. वर्गातली मुलं मोबाइलवर परदेशातली शिल्पं शोधू लागली. मला आमचं वावर आठवलं.

दिग्रसजवळच्या त्या वावरात रोही, म्हणजे नीलगायी, हाकायला बाबांनी एक यंत्र उभं केलं होतं. जुन्या पंख्याची पाती, सायकलचा आस, मागं वाऱ्यानं वाजणारी स्टीलची ताटली. खाली जुन्या चकाकणाऱ्या सीड्या बांधलेल्या, त्याही रोह्यांच्या डोळ्यांच्या उंचीला.

मी ते मागितलं तेव्हा बाबांनी तुरीकडे पाहिलं.

"तूर फुलावर हाय. चार दिवसच ना?"

"चारच."

"मंग ने. पण ताटली काहून काढून राह्यली?"

"तिथं आवाज नको बाबा. फक्त उजेड."

"बिनआवाजाचं? रोही हसतीन तुले."

कॉलेजच्या मैदानात ते छान फिरलं. सीड्यांचे रंगीत ठिपके भिंतीवर, झाडांवर, सरांच्या शर्टावर पळत होते. सर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "महिनाभर इथंच राहू दे. बाहेरचे परीक्षक येतील, ते बघूनच मार्क देतील."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण एका जागी बसवेना.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. "रोही आले का बाबा?"

"नाही आले. तू शीक."

पण मागून ताटली बडवल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून. मी काढून ठेवलेलीच ती असावी. दिवसभर कापूस वेचून आई आता धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ती बडवत उभी असणार.

सकाळी मी पाना घेऊन मैदानात गेले. पहिला बोल्ट सैल करत होते तेवढ्यात सर आले.

"मार्क जातील. कळतंय ना?"

"हो सर. पण तिकडं रोही तुरीत शिरतील." मी पुन्हा बोल्टला पाना लावला. मग मीच एकदम म्हणाले, "परीक्षकांना आमच्या वावरात आणता येईल का? दिग्रसची बस असते."

मागं उभ्या मुली हसल्या. "परीक्षक एसटीनं येणार व्हय वो," एक म्हणाली.

सर हसले नाहीत. "विचारतो. पण भरवसा देत नाही."

मी मान हलवली. बस सव्वादहाची होती आणि अजून तीन बोल्ट राहिले होते.