ओव्हरक्लॉकिंगचं सव्वा मिनिट

माझ्या नवऱ्याची बोट आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून तो पर्यटकांना घेऊन जातो, त्याचे दोन पाणबुडे त्यांना पाण्याखाली उतरवतात, रंगीत मासे दाखवतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर आणतात. माणसं वर आली की माझं काम सुरू होतं. खाली केलेलं चित्रण मी आमच्या पडवीलगतच्या खोलीत कॉम्प्युटरवर कापते, त्याला गाणं लावते आणि ज्याचं त्याच्या मोबाईलवर घालून देते. मासे बघायला आलोय असं सगळेच म्हणतात, पण माशांच्या मध्ये आपण कसे दिसलो हे बघितल्याशिवाय कोणी मालवण सोडत नाही.

पाण्याखाली सगळी माणसं सारखीच दिसतात. अंगात काळा सूट, तोंडावर काचेचा मुखवटा, केस वर तरंगणारे. ओळखायला मी हळूहळू शिकले. बायका बांगड्यांवरून आणि नेलपॉलिशवरून, पुरुष पोटावरून. तरीही सुरुवातीच्या दिवसांत एका गृहस्थांना मी भलत्याच बाईंचा हात धरून पोहतानाचा व्हिडिओ पाठवला होता. ते स्वतः काहीच बोलले नाहीत. फोन त्यांच्या बायकोचा आला.

पण खरी अडचण वेळेची होती. आठ माणसांची एक बोट आली की सगळ्यांचे व्हिडिओ हातात पडायला तास लागायचा. एका दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरचं एक कुटुंब पडवीत बसलं होतं आणि त्यांचा ड्रायव्हर गेटबाहेरून हॉर्न देत होता. त्यांना संध्याकाळच्या आत कुणकेश्वर करायचं होतं. त्यातले आजोबा दर दोन मिनिटांनी दारात येऊन विचारायचे, “ताई, व्हतंय न्हवं?” आणि मी पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बोट दाखवायची. पट्टी निम्म्यावर असताना ते गेले. व्हिडिओ मी मागाहून पाठवले, पण त्याआधीच त्यांच्यातल्या कुणीतरी इंटरनेटवरच्या आमच्या पानावर एक तारा देऊन लिहिलं होतं, “मासे चांगले. बाई स्लो.”

मी दोन दिवस जेवले नाही असं म्हणणार नाही. जेवले. पण प्रत्येक घासाला ते वाक्य आठवायचं.

तिसऱ्या दिवशी मी एसटीने सावंतवाडीला गेले. माझा कॉम्प्युटर जिथे जुळवून घेतला होता ते दुकान तिथल्या बाजारात आहे. दुकानदाराच्या आजोबांचा त्याच जागेत मसाल्याचा धंदा होता, आणि पावसाळ्यात तिथून आणलेल्या माऊसलासुद्धा दालचिनीचा वास येतो. माणूस सज्जन, बोलायला गोड. मी म्हटलं, मला नवीन, वेगवान प्रोसेसर हवा.

तो म्हणाला, “वैनी, नवीन कित्याक? तुमचो हाय तोच पळवूया. वाघ आसा तो. तुमी तेका मांजरासारखो बांधून ठेवलात.”

मग त्याने समजावून सांगितलं. प्रत्येक प्रोसेसरला कारखान्यातून एक वेग ठरवून दिलेला असतो. काही जातीचे प्रोसेसर त्याहून जोरात चालू शकतात. आपण सेटिंगमध्ये जायचं आणि तो वेग थोडाथोडा वाढवायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. माझा प्रोसेसर त्याच जातीचा होता आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, “म्हणजे फुकट?”

“एकदम फुकट,” तो म्हणाला. “फकत मदरबोर्ड बदलूक लागतलो.”

मदरबोर्ड बदलून वेग वाढवला की प्रोसेसर जास्त तापणार, म्हणून मोठा कूलर. दोघांना वीज जास्त लागणार, म्हणून वीज पुरवणारी जोरदार पेटी, एसएमपीएस. त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. फुकटाचे एकोणीस हजार झाले होते. शिवाय प्रोसेसरच्या वॉरंटीचं आता विसरायचं, असं तो जाता जाता म्हणाला, पण तोवर मी पिशवी उचलली होती.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो जाळं विणत नाही, बिडी ओढत नाही, पण त्याला विचार करायचा असला की तो पायाचं नख कापतो. ते कापत म्हणाला, “तितक्या पैशांत नवीन प्रोसेसर येतलो मां?”

हा प्रश्न मी दुकानातही विचारला होता. दुकानदाराने त्याचं इतकं सुंदर उत्तर दिलं होतं की ऐकताना मला पूर्ण पटलं, आणि एसटीत बसल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हटलं, “तुका त्यातला काय समजता?” संसारात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

कूलर शहाळ्याएवढा होता. दोन बाजूंना दोन पंखे, मध्ये पत्र्यांची चळत. तो बसवल्यावर कॅबिनेटचं झाकण लागेना, म्हणून ते काढून भिंतीला टेकवून ठेवलं. आमच्याकडे खाऱ्या हवेने दाराच्या बिजागऱ्या दोन वर्षांत गळतात, आणि मी एकोणीस हजारांचं पोट उघडं टाकून बसले होते.

आणि मग मला नाद लागला. सकाळी बोट गेली की ती परत येईपर्यंत दीड-दोन तास मोकळे असायचे. वेग एक पायरी वाढवायचा, मशीन चालू करायचं, चाचणी लावायची आणि श्वास रोखून बघायचं. टिकलं तर अजून एक पायरी. नाही टिकलं तर पडद्यावर निळी पाटी येऊन सगळं बंद. मग व्होल्टेज केसभर वाढवायचं आणि पुन्हा. मी आयुष्यात पत्ते खेळले नाहीत, लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. पण ती एकेक पायरी चढताना माझ्या तळहातांना घाम यायचा. गॅसवरची पेज दोनदा करपली. बाजारात भेटलेल्या मैत्रिणीने विचारलं, “कशी आसस?” तर मी म्हटलं, “काल ब्याण्णव डिग्रीर गेलेलंय.” ती घाबरून माझ्या कपाळाला हात लावायला आली.

माझ्या सासूबाई या सगळ्यापासून लांब होत्या. एके दिवशी त्या खोलीच्या दारातून जाताना थबकल्या आणि हात पुढे करून उभ्या राहिल्या.

“हो गरम वारो खयसून येता गो?”

मी कूलर दाखवला. त्यांनी त्याच्यासमोर हात उलटसुलट करून पाहिला, मान हलवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून आले तर कॉम्प्युटरच्या मागे स्टुलावर सूप होतं आणि सुपात ताकात बुडवून भरलेल्या मिरच्या. बाहेर वाळत घातल्या तर कावळे विस्कटतात, हय बऱ्या सुकतत, असं त्यांचं म्हणणं. मी काही बोलण्याआधी बोट आली. आठ माणसं खोलीत शिरली, मशीन तापलं आणि मिरच्यांवरून वारा सुटला. पुण्याचे एक डॉक्टर होते, ते शिंकत शिंकत म्हणाले की समुद्राचं पाणी नाकात गेल्याचा हा परिणाम आहे, सर्वांनी वाफ घ्या. मी त्यांना दुजोरा दिला.

नाताळच्या सुट्टीपर्यंत मी समाधानकारक वेगाला पोचले होते. चाचणीत मशीन चांगलं पळत होतं. मग सांगलीहून भिशीच्या सोळा बायका आल्या.

सोळाजणी दोन बोटींतून खाली जाऊन आल्या आणि ओल्या केसांनी पडवीत बसल्या. सगळ्यांनी एकाच दुकानातून एकाच रंगाच्या बांगड्या घेतलेल्या होत्या, त्यामुळे माझं शास्त्र पहिल्या मिनिटालाच बुडालं. एक व्हिडिओ आपलाच म्हणून दोघी भांडत होत्या, आणि दुसरा कुणीच आपला मानायला तयार नव्हती, कारण त्यात ती बाई माशाला बघून पाय झाडत होती. कसंबसं सगळं लावून मी व्हिडिओ तयार करायला लावले. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि निळी पाटी.

पुन्हा चालू केलं. पाव पट्टी, निळी पाटी. तिसऱ्यांदा तर गाण्याच्या पहिल्या ओळीलाच.

सकाळच्या गार हवेत मी चाचण्या घेतल्या होत्या. आता दुपारचे दोन वाजले होते, पत्र्याखालची खोली, दारात सोळा बायका, वारा बंद. मशीनने मान टाकली यात त्याचा दोष नव्हता.

मी बाहेर येऊन सांगितलं, “तुम्ही निघा, मी उद्या फोनवर पाठवते.” त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाई पायरीवर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “हे बघा ताई, मी साठीची झाले. आयुष्यात विहिरीच्या काठाला उभी राहिले नाही आणि आज समुद्रात उतरले. नुसती सांगत गेले तर आमचे हे मानतील का? पुरावा घेतल्याशिवाय मी उठत नाही.” त्या उठल्या नाहीत म्हणून कुणीच उठलं नाही. ड्रायव्हर गाडीत झोपला. सासूबाईंनी सोलकढीचं पातेलं बाहेर आणलं.

त्याच वेळी शेजारचे अंकल आले. ते चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम करून निवृत्त झालेत, आणि कुठेही यंत्र अडल्याचा आवाज आला की ते कुंपणातून येतात. मी त्यांना रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. पायऱ्या, व्होल्टेज, ब्याण्णव डिग्री.

“कंपनीन दिल्लो स्पीड किती?” त्यांनी विचारलं.

मी सांगितला.

“मगे थंय घाल. आदी बायलांक घरी पाठव, मगे शर्यत कर.”

मी सगळ्या पायऱ्या उतरून मूळ सेटिंगवर आले. मशीन बंद पडताना अर्धवट फायली बिघडल्या होत्या, म्हणून कॅमेऱ्यांच्या कार्डावरून सगळं पुन्हा उतरवून घ्यायला लागलं. अंकल खुर्ची ओढून मागे बसले. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या पाठीवर ते मनगटी घड्याळात बघून काहीतरी लिहीत होते. इंजिनरूमची सवय, त्यांना नोंद केल्याशिवाय बसवत नाही.

पहिल्या आठजणींचं काम एकदाही न अडता झालं. अंकलनी कॅलेंडर माझ्यासमोर धरलं.

“कार्डावरसून कॉम्प्युटरात घेवक एकतीस मिनटां. कापूक आणि त्या बायलांच्या भांडणाक बारा. तो तुजो हिरवो पट्टो, चवदा. मोबाईलार घालूक सात.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आता सांग, तुज्या त्या शर्यतीत हे चवदाचे किती जायत?”

हा आकडा मला तोंडपाठ होता, अभिमानाने सांगितला. “पावणेतेरा!”

“म्हणजे सव्वा मिनिट.”

“हो.”

“तासातला सव्वा मिनिट.”

 अंकलनी कार्ड रीडर हातात घेतला. कार्ड ज्यात खोचतात ती डबी. पहिल्या कॅमेऱ्याबरोबर आलेली, एका बाजूने फुटलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि तिची वायर माझ्या कॉम्प्युटरच्या सगळ्यात जुन्या भोकात. त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाले, “वाघाच्या गळ्यात ह्या कोणी बांधला?”

दुकानदाराचं वाघाचं बोलणं त्यांना माहीत नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

सांगलीच्या बायका साडेचारला गेल्या. वयस्क बाईंनी आपला व्हिडिओ उभ्या उभ्या तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा त्यांनी तो नवऱ्याला पाठवला आणि लगेच फोन लावला, “बघितलंत का? अहो, तो मासा नाही, मी आहे.”

दुसऱ्या दिवशी मी मालवणच्याच बाजारातून नवीन कार्ड रीडर आणला. साडेसातशे रुपये. एकतीस मिनिटांचं काम सहा मिनिटांवर आलं. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी राहिलं, म्हणून सगळ्या फायली मोजून पाहिल्या. सगळ्या होत्या. नवऱ्याने यावर एक शब्दही काढला नाही. दोन दिवस नुसता पायाची नखं न्याहाळत बसायचा. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

मशीन तेव्हापासून कारखान्याच्या वेगावर चालतंय. शहाळ्याएवढा कूलर काढला नाही. आता तो इतका निवांत फिरतो की चालू आहे की बंद हे बघायला वाकावं लागतं. झाकणाला मी सुताराकडून कूलरच्या मापाचं भोक पाडून घेतलं. मिरच्या परत अंगणात गेल्या, कारण सासूबाईंच्या मते वाऱ्यात आता “काय दम नाय.”

गेल्या महिन्यात कुडाळच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा फोन आला. माझं नाव त्याला सावंतवाडीच्या दुकानात मिळालं होतं. तिथे मी अनुभवी गिऱ्हाईक म्हणून गणली जाते. त्याने विचारलं, ओव्हरक्लॉकिंगला खर्च करावा का? मी सगळं मनापासून सांगितलं. आधी घड्याळ घेऊन बस. वेळ नेमका कुठे जातो ते लिही. डबी बघ, वायर बघ, डिस्क बघ. एवढं करून प्रोसेसरच कमी पडतोय असं दिसलं, तर तेच पैसे घालून वरचा प्रोसेसर घे. नाहीतर उन्हाळ्यात दुपारी दोनला पत्र्याखाली तुला माझी आठवण येईल.

तो शांतपणे ऐकत होता. पटलंय असं मला वाटलं.

“ताई, एकच सांगा,” तो शेवटी म्हणाला. “ती एकेक पायरी वाढवताना मजा येते का?”

खोटं बोलणं जिवावर आलं. मी म्हटलं, “मजा येते रे. लय मजा येते.”

त्याच दुपारी तो सावंतवाडीला गेला.