हिरामणची रेघ का उडते

पेणमध्ये गणपतीला रंग देणारे ढिगानं सापडतील, पण आखणी करणारा, म्हणजे देवाचे डोळे रेखणारा हात विरळाच. हिरामण त्यातला. बोलायला कोरडा, पण डोळ्यांच्या बाबतीत भारी नखरेल. मेहुणीच्या लग्नात नवरीच्या एका डोळ्याचं काजळ वर चढलंय, हे त्याला मांडवाच्या शेवटच्या रांगेतून दिसलं. भटजी अंतरपाट धरून उभे, आणि हा पठ्ठ्या खिशातला कुंचला काढून थेट बोहल्याशी! आळी अजून सांगते, त्या लग्नाच्या फोटोंत डोळे तेवढे झकास आलेत. बाकी नवरीबद्दल कुणी काही बोलत नाही.

आखणीच्या दिवशी तो श्वास रोखून बसायचा. कारखान्यात कुणी खोकलं तर त्याला बाहेरची वाट. हा तोरा त्याला बापाकडून आलेला. आणि भीतीही तिथूनच. साठी गाठायच्या आत बापाचा हात थरथरायला लागला, तेव्हाच्या मालकानं त्याला डोळ्यांवरून उठवून मूर्तीचे पाट रंगवायला बसवलं. पुढे मरेपर्यंत बाप देवाच्या पायाशी बसला. मान वर करून एकदाही बघितलं नाही. हिरामणनं पन्नाशी ओलांडली तेव्हापासून तो सकाळी उठल्या उठल्या आधी स्वतःचा हात बघायचा. यंदा दोन-तीन छोट्या मूर्तींच्या पापण्या जराशा फसल्या. "कुंचले खराब आलेत औंदा," असं सांगून त्यानं वेळ मारून नेली.

त्यात कारखान्याच्या नव्या मालकानं, विशालनं, कॉम्प्युटर आणला. मोठ्या मूर्तींची गिऱ्हाईकं आता परदेशातली. त्यांना डोळे आधी पडद्यावर बघायचे, पसंत पडले की मूर्तीवर. कारखान्यात मातीची धूळ, म्हणून सगळं सामान हिरामणच्या पडवीत आलं. टेबलावर दोन पडदे. जुन्यावर गिऱ्हाईकाचं तोंड, नव्यावर हिरामणची रेघ. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा, वर काळी पाटी. तिच्यावर पेन फिरवलं की रेघ समोर उमटणार. नवा पडदा महागाचा, एका सेकंदात चित्र एकशे चव्वेचाळीस वेळा बदलणारा. हात आणि रेघ यांत अंतरच राहायचं नाही म्हणे. विशाल जाताना बोलून गेला, "काका, रविवारी मी येतो. डोळे बघतो, मग मोठ्या मूर्ती कुणी करायच्या ते ठरवू."

कुणी करायच्या! हिरामण तडक पाटीसमोर जाऊन बसला.

आणि रेघ तर उडतच होती. पापणी काढायला जावं तर मध्येच अडखळायची, मग बेडकासारखी पुढे उडी मारायची. हिरामणनं पेन बदललं, पाटी पुसली, खुर्ची बदलली. मग पेन खाली ठेवून उजवा हात डाव्या हातानं दाबून बसला.

"मशीनच खराब हाय," तो म्हणाला.

"व्हय, मशीनच," सगुणा, त्याची बायको, लगेच म्हणाली आणि चहा ठेवून गेली. अर्धा कप. हल्ली ती त्याला अर्धाच कप द्यायची. आळीत यावर बराच खल झाला होता: माहेर रोह्याचं, तिकडं साखर मोजून टाकत असतील, वगैरे.

शेवटी रोह्याहून निकेशला बोलावलं. सगुणाचा धाकटा भाऊ, तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. जीभ त्याची दुकानापेक्षा जास्त चालते.

"काय दाजी, देवाचे डोळे रेखणाऱ्याला पडद्यानं डोळा मारला?"

"गप बस. आधी बघ."

निकेशनं बघितलं. "नवा पडदा एकशे चव्वेचाळीस सोडून साठवरच चालतोय. जुन्याच्या वरताण आळशी." जुना पडदा काढून बघितला, तरी तेच. वायर बदलली, तरी तेच. हिरामणनं उजवा हात खिशात घातला. मशीन निर्दोष निघालं तर उरतो कोण?

निकेश टेबलाखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "ताई गो, ह्या डब्याला कुंकू कुणी लावलं?"

"म्हंजे? नवी वस्तू घरात आली, पूजा नको?" सगुणा दारात आली. "तोंड दक्षिणेला होतं त्याचं. दक्षिणेला तोंड करून पूजा करतात होय? फिरवलं पूर्वेला. तेव्हा वायर निघाली, मी परत लावली."

"कुठं लावलीस?"

"जिथं बसली तिथं."

निकेश हसून हसून लाल झाला. "आत पडद्यासाठी वेगळं कार्ड बसवलंय. त्याच्या भोकात वायर पायजे, तर तू मूळ बोर्डाच्या भोकात घुसवलीस. तिथं दम कमी, म्हणून रेघ उडते. डबा पूर्वेला आणि वायर पश्चिमेला!"

हिरामण इतका मोकळा हसला, की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावलं. म्हणजे खोट हातात नव्हती. हातात नव्हतीच!

वायर जागेवर गेली, निकेशनं आकडा एकशे चव्वेचाळीसवर नेला. माउसचा बाण पडद्यावर तेलात पडल्यासारखा सरकू लागला. निकेशनं स्वतः एक रेघ ओढली; केसासारखी सुळकन गेली. "घ्या दाजी, आता काढा."

हिरामणनं श्वास रोखला. पापणी सुरू केली. रेघ अडखळली नाही, उडाली नाही. फक्त सुरुवातीपासून टोकापर्यंत बारीक लहरत गेली, भरल्या भातखाचरातल्या पाण्यासारखी. त्यानं पुन्हा काढली. पुन्हा तशीच. आधी उड्यांच्या आड लपलेलं आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

निकेशनं खुर्ची जवळ ओढली. मग तो हळूच म्हणाला, "दाजी, ह्याच्यात एक सेटिंग असते. चालू केली की रेघ आपोआप सरळ होते. रविवारी विशालला कळायचं नाय."

हिरामण पडद्याकडं बघत राहिला. "आणि मूर्तीवर?"

निकेश उरलेली वायर गुंडाळू लागला.

सगुणानं नेहमीसारखा चहा आणून ठेवला. अर्धा कप. हिरामणनं कपाकडं बघितलं, मग तिच्याकडं. तिनं पदर तोंडाला लावून मान फिरवली.

"कधीपासून ठावं हाय तुला?"

"शिमग्यापासून. शर्टावर सांडायचा तुमच्या. म्हटलं, अर्धाच दिला तर तुमालाबी कळायचं नाय."

मग हिरामणनं पेन पाटीवर आडवं ठेवलं. "निकेश, ती सेटिंग बंदच ठेव. विशाल येईल तेव्हा माझी रेघ हाय तशी बघू दे त्याला. मूर्तीवर वाकडी बघून देव गप बसेल, मला नाय बसवणार."

"मग मोठ्या मूर्ती?"

"ते तो ठरवील." त्यानं कप सगुणाकडं सरकवला. "हा भरून आण गो."

तिनं भरून आणला. त्यानं तो उचलला, चहा बशीत सांडला, बशीतून पाटीच्या कडेवर. त्यानं पाटी आधी बाहीनं पुसली आणि मेहुण्यासमोरच बशी तोंडाला लावली.