डॉर्कसच्या झाडाला मुळं फुटली

मर्ल फॉकिंगहॅमने लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांनी लादलेली गाडी मागे घेतली ती थेट गांजाच्या झाडावर. झाड त्याच्या बायकोचं. डॉर्कस हिवाळ्यात वारली. तिने निवडून निवडून जोपासलेली ती जात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या धुकट किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

शेजारची लॉर्ना ॲली कात्री घेऊन धावली. सार्डिनचे डबे भरण्यात तिच्या बोटांचे सांधे गेले होते, डॉर्कसच्या झाडाचा मलम चोळला तरच बोटं वळायची. पण मलमापेक्षा गेलेली मैत्रीण मोठी! चिरडलेल्या झाडाचे धड उरलेले शेंडे तिने कापून घरी आणले. ओढ्याकाठच्या विलोच्या झाडाच्या कोवळ्या काड्या ठेचून पाण्यात भिजवल्या. मुळं फोडणारं संजीवक त्या काड्यांत आयतंच असतं, बाजारातली पूड हवी कुणाला? शेंडे त्या पाण्यात बुडवून तिने ट्रेमधल्या मातीत खोचले. एक जास्तीचा शेंडा न्हाणीघराच्या खिडकीत, विलोच्याच पाण्याच्या कपात ठेवला.

मर्ल रोज दारात हजर. "फुटलं का काही?"

"अंडी उबवतेय का मी? जा बोटीवर!"

पण गप्प बसेल तो मर्ल कसला! इथल्या माणसाला कुठल्याही दुखण्यावर समुद्रातलंच औषध सुचतं. लॉर्नाची पाठ वळताच तो समुद्री शेवाळाचा घट्ट काढा ट्रेमध्ये ओतू लागला. आणि काय सांगावं, शेंड्यांना हिरवीगार पालवी फुटली! लॉर्नाने त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात गरगर फिरवलं.

"जगली रे, जगली!"

"माझ्या काढ्याची कमाल!" मर्ल फुशारला.

"कसला काढा?"

उत्तर ऐकून तिने एक शेंडा हलकेच ओढला. तो अलगद वर आला. खाली मूळ नाही, देठ काळपट. दुसराही तसाच. सगळेच तसे. शेवाळातलं संजीवक पाल्याला जोर देतं. मुळांआधीच इतकं पाजलं, तर मुळं फुटायचीच थांबतात.

"हे काय तुझे टोमॅटो आहेत, गाढवा? आधी मूळ, मग शेवाळ!"

मर्ल मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे मी तिचं झाड दोनदा मारलं."

लॉर्नाचा राग तिथेच विरला. खिडकीतल्या कपाचं तिने त्याला सांगितलंच नाही. उगाच आशा कशाला लावा! विलोचं ताजं पाणी तेवढं घालत राहिली.

मग एका सकाळी ती गाऊनवरच धक्क्याकडे सुटली. "मर्ल! उतर बोटीवरून! मुळं! अरे, मुळं फुटली!"

तो रबरी बुटांनिशी धावत आला. तिने कप त्याच्या हातात दिला. "घे. तुझ्या घरचं आहे."

पांढरीशुभ्र मुळं त्याने उजेडाकडे धरून पाहिली. "लॉर्ना, थँक—"

तिने झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला. "खबरदार! दिलेल्या रोपाचे आभार मानले की ते मरतं. विसरलास?"

त्याने जोरात मान हलवली. तिच्या तळव्याखाली तो हसतोय की रडतोय ते तिला कळेना, आणि तिने हातही काढला नाही.