दप्तरात घालून पाहिलेला लॅपटॉप

जूनमधल्या एका रविवारी, पंचावन्न हजारांच्या आत लॅपटॉप घ्यायचा ठरवून, मी आणि यंदा कॉलेजात जाणारी माझी मुलगी धंतोलीजवळच्या एका दुकानात गेलो. हिशेबात सर्वांत परवडणारा, मोठ्या पडद्याचा मी निवडला.

शेजारी एक बाई आपल्या लेकीसाठी लॅपटॉप बघत होत्या. त्यांनी तो लेकीच्या जुन्या दप्तरात घातला, दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि बसचा दांडा धरावा तसा एक हात वर करून दुकानभर फिरल्या.

"काकू, लॅपटॉप आहे, तांदूळ नाही," विक्रेता हसला.

"हसू नको गा. माह्या पोरीले खापरखेड्याहून रोज उभ्यानं या लागन."

मग दप्तर रिकामं करून त्यांनी माझ्या मुलीपुढे धरलं. "तू बी पाहून घे वं. बाबा पैसे देतीन, पन खांदा तं तुहाच दुखन."

आमचा लॅपटॉप त्यात घालून मुलगी दारापर्यंत चालली, परत आली आणि म्हणाली, "बाबा, हा जड आहे." सकाळपासूनचं तिचं ते पहिलं मत होतं.

लहान पडद्याचा, हलका लॅपटॉप तिनेच उचलून काउंटरवर ठेवला. मी दुकानदाराला अठ्ठावन्न हजार दिले. घासाघीस करायचं राहूनच गेलं.