मार्चमध्ये दिलेली शाल

मामांच्या निरोपाला मी समोसा खाल्ला, याचा मला अजून राग येतो.

मामा म्हणजे आमच्या चाकणच्या कारखान्यातले मेंटेनन्सचे जुने फिटर. मार्चअखेर कॅन्टीनमध्ये त्यांचा निवृत्तीचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, वेफर्स, सगळं साग्रसंगीत. हार गळ्यात पडतानाही मामा एकच सांगत होते, की माझं डिसेंबरला हाय. एचआरचा अधिकारी हसत म्हणाला, की सिस्टीममध्ये मार्च आहे, आणि तुमच्या पिढीला स्वतःची जन्मतारीख कुठे ठाऊक असते, मास्तरांनी लिहिली ती खरी. धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी असलेला माणूस नारळ धरून उभा होता आणि लोक हसले.

मी तिथेच डेटाबेसचं काम करते. पुढच्या आठवड्यात रजांचा रिपोर्ट काढताना मामांची नोंद समोर आली आणि माझं डोकंच फिरलं. जन्मतारीख बारा मार्च! जुन्या सिस्टीममध्ये ती ०३/१२ होती, म्हणजे तीन डिसेंबर. नवी सिस्टीम आणताना बाहेरच्या एजन्सीने सगळ्या तारखा एका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एका आज्ञेने, बदलून घेतल्या, आणि आधी दिवस आहे की महिना, हे त्या क्वेरीला कुणी सांगितलंच नाही. तिने अमेरिकन पद्धतीने आधी महिना धरला. पंचवीस तारखेला जन्मलेले लोक अडकले, कारण पंचविसावा महिना नसतो. त्यांच्या तारखा हाताने दुरुस्त करून एजन्सीने शाबासकी मिळवली. बारापर्यंतच्या तारखा मात्र गुपचूप उलट्या होऊन आत बसल्या. एकही एरर नाही. हे टाळायला क्वेरीत अर्धी ओळ पुरते. मी ते तेव्हाच मीटिंगमध्ये बोलले होते. डेमो नीट चाललाय ना, मग कशाला फाटे फोडता, असं मला सुनावण्यात आलं.

मी दोन्ही तारखा घेऊन एचआरमध्ये गेले. अधिकाऱ्याला चूक पटली, पण ऑर्डर निघाली, सत्कार झाला, फोटो नोटीस बोर्डावर लागला, आता परत बोलावलं तर कसं दिसेल, असं त्याचं म्हणणं. फार तर मामांनी अर्ज करावा, शाळेचा दाखला जोडावा. म्हणजे घोळ यांनी घालायचा आणि नऊ महिन्यांची नोकरी गेलेल्या माणसाने दाखले गोळा करत फिरायचं! मी त्याच्यासमोर बसूनच प्लांट हेडना मेल टाकला आणि उत्तर येईपर्यंत खुर्ची सोडली नाही.

एप्रिल सरता सरता मामा पुन्हा रुजू झाले. त्या सकाळी मी थेरगावच्या बसमधून उतरून आत गेले, तर ते एचआरच्या टेबलापाशी उभे होते. पिशवीतून त्यांनी ती शाल काढली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती, आणि अधिकाऱ्यासमोर ठेवली.

“ही ठेवा, साहेब. डिसेंबरात लागंल.”

या वेळी कुणी हसलं नाही. अधिकाऱ्याने शाल कपाटात ठेवली, आणि विसरायला नको म्हणून स्क्रीनवर पाहून वर चिठ्ठी चिकटवली: मामांचा निरोप, १२/३१.

मी त्याच्या हातातलं पेन ओढून घेतलं, ते खोडलं आणि अक्षरात लिहिलं, डिसेंबर.