बोट मला लागली

आमच्या भजनी मंडळात दर सोमवारी भजन झालं की कुणीतरी आपला अनुभव सांगतो. दोन महिन्यांपूर्वी मी माझा सांगितला. बोटीच्या प्रवासात पत्नीला त्रास होऊ नये म्हणून मी सिद्धेश्वराला साकडं घातलं आणि सगळा त्रास तिच्याऐवजी मला झाला, एवढाच तो अनुभव. मंडळींनी हात जोडले. एका गृहस्थांचे डोळे पाणावले. ‘काका, हे वार्षिक अंकासाठी लिहून द्याच,’ असं सगळ्यांनी सांगितलं. मी घरी येऊन कागद पुढे ओढला आणि तीन आठवडे एक ओळ लिहू शकलो नाही. सांगितलेलं खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. जे अर्धं मी गाळलं त्यातच देव होता की काय, अशी शंका मला येऊ लागली. मी बोलत असताना बायको शेवटच्या रांगेत बसून ऐकत होती. उजव्या हातानं डावं मनगट धरून नुसती बसून राहिली. तिचं ते मनगट मनातून जाईना, म्हणून आता पहिल्यापासून लिहितो.

मी शहात्तर वर्षांचा आहे. सोलापुरात एका कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. बायको मंद्रूपची. तिला गाडी लागते, म्हणून ती कुठे जात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मी मंडळाबरोबर काशीला गेलो, रामेश्वरला गेलो, गिरनार चढलो. प्रत्येक वेळी परत येऊन तिच्या हातावर प्रसाद ठेवायचो आणि पाहुण्यांना सांगायचो, ‘हिला फिरण्याची आवडच नाही.’ ती आत चहा ठेवायला जायची. मंद्रूपला जायचं असलं की तिचा भाऊ न्यायला यायचा, आणि त्याच्याबरोबर ती एसटीनंच जायची. तेव्हा तिला गाडी कशी लागत नव्हती, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही.

आता गाळलेलं लिहितो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एका नातलगाचं लग्न अकलूजला होतं. एसटीला गर्दी होती. बायकोला पुढे बायकांच्या बाकावर खिडकीपाशी जागा मिळाली. मी मागे गेलो तर तिथे आमचे साहेब बसलेले. ‘या, बसा,’ म्हणून त्यांनी शेजारची जागा दाखवली. साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळालं, याचाच मला केवढा आनंद झाला होता! मोहोळ मागे पडलं आणि थोड्या वेळानं पुढे गलका उठला. बायकोला उलटी झाली होती. नव्या साडीवर, बाकावर, कुणाच्या तरी पिशवीवर. कंडक्टर ओरडला, ‘ही बाई कुनाबरबर हाय? ओ, कोन हाय हिच्याबरबर?’

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. ‘काय माणसं असतात,’ ते म्हणाले. ‘घरीच बसवून का ठेवत नाहीत?’

मी खिडकीबाहेर पाहिलं. कंडक्टरनं पुन्हा विचारलं. मी बाहेरच पाहत राहिलो. उसाचा एक फड संपेपर्यंत पाहत राहिलो. एवढ्यात एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, ‘माज्याबरबर हाय. माजी लेक हाय ती. वरडतूस कशापायी? तुला आई न्हाय व्हय?’

गाडीत हशा पिकला. कंडक्टर गप्प झाला. म्हातारी ऊसतोडीला निघालेली असावी, तिच्या पायाशी कोयता बांधलेलं गाठोडं होतं. तिनं स्वतःच्या तांब्यातलं पाणी घेऊन बायकोचं तोंड धुतलं आणि तिचा हात हातात घेऊन बसली. साहेब मध्येच एका गावी उतरले. त्यानंतर मी उठून पुढे गेलो.

‘तू कोन रं?’ म्हातारीनं विचारलं.

‘मी हिचा नवरा.’

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. श्रीपूरचा फाटा आला तशी गाठोडं उचलून उतरून गेली. मी बायकोला म्हणालो, ‘मला मागं झोप लागली होती गं. कळलंच नाही काही.’ तिनं मान हलवली. गाडी लागली तिला आणि झोप लागली मला, अशी ती गोष्ट आमच्यात मिटली. त्यानंतर ती माझ्याबरोबर कधी प्रवासाला निघाली नाही.

याला एकोणपन्नास वर्षं झाली. मध्यंतरी पुण्याहून मुलीचा फोन आला. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी होणार होती, म्हणून तिनं मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या मोठ्या बोटीची तिकिटं काढली होती. ‘आई, तुला बोट बघायची होती ना लहानपणापासून?’ हे मला नवीन होतं. बायको म्हणाली, ‘आनि बोट लागली म्हंजी गं?’ मुलगी म्हणाली, ‘मी आहे ना तुझ्याबरोबर.’ यावर ही म्हणाली, ‘मग येते की.’ मी चकित झालो. कशामुळे हो म्हणाली, ते मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

मग मला एक नादच लागला. बोट लागू नये म्हणून काय करावं, हे मी शोधू लागलो. कारकुनाची सवय, एक लांब वही केली आणि क्रमांक घालून लिहीत गेलो. मिठात मुरवलेलं आलं. आवळासुपारी. हुंगायला लिंबू. रिकाम्या पोटी बसू नये, तुडुंब जेवूही नये. खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावा कमी. वाचू नये. शेजारच्या चादरवाल्यांनी पोटावर वर्तमानपत्र बांधायला सांगितलं, तेही लिहिलं. मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटांवर दाबून धरावं, असं कुठेसं वाचलं. तो सतरावा उपाय. त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह घातलं. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते समजावलं, आणि मी फारच खोदून विचारलं तेव्हा हसून म्हणाले, ‘काका, डोळे सांगतात की खोली जागच्या जागी आहे. कान आतून सांगतात की सगळं हलतंय. या दोघांचं जुळत नाही, म्हणून पोट ढवळतं. बाहेर येऊन लांब पाहायचं, पाणी आणि आभाळ टेकतात तिथे. मग दोघांचं एकमत होतं.’ हे मला फार आवडलं. घरी येताना कितीतरी वेळ मी त्याचाच विचार करत होतो.

निघायच्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. तळ्यातल्या त्या वाटेनं रोज जातो, पण त्या दिवशी दोन्ही बाजूंचं पाणी पाहून बोटच आठवली. हात जोडून म्हणालो, ‘देवा, हिला बोट लागू देऊ नकोस. लागायचीच असेल तर मला लागू दे.’ मंडळात हे वाक्य मी गहिवरून सांगितलं होतं. खरं सांगायचं तर ते मागणं मला फुकटच पडणार होतं. मला आयुष्यात कधी कुठल्या गाडीचा त्रास झालेला नाही. आपल्याला काही होणार नाही, हे ठाऊक असलेल्या माणसानं केलेला तो त्याग होता.

सोलापूर सुटल्यापासून रेल्वेत बायको मनगट धरून बसली होती. ओठ मिटलेले, नजर खिडकीबाहेर लांब. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. बोटीवर चढतानाही तसंच. पहिला दिवस सुखरूप गेला. ती मुलीबरोबर सगळे मजले हिंडली, कठड्याशी उभी राहून समुद्राकडे पोरीसारखी बघत राहिली. मी वही घेऊन मागे मागे. ‘आलं खाल्लंस?’ ‘खाल्लं.’ ‘गोळी?’ ‘घेतली, अवो, घेतली. तुमी घेतली का?’ मी हसलो. मला कशाला गोळी?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी वारा सुटला. त्या दोघी हॉलच्या टोकाला टेबलाशी बसल्या होत्या. मी दहीभात घ्यायला उठलो. ताटातलं वरण एका बाजूला कललं, मग दुसऱ्या बाजूला. भिंती जागच्या जागी होत्या आणि पायाखालचं सगळं सरकत होतं. अंगाला दरदरून घाम फुटला. पुढचं फार लवकर झालं. गालिच्यावर, माझ्या सदऱ्यावर, पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या चकचकीत बुटांवर. हॉल शांत झाला. बोटीवरची एक कर्मचारी बाई धावत आली, मला धरलं आणि मोठ्यानं विचारलं, ‘इनके साथ कौन है? कोई है इनके साथ?’

तो प्रश्न मी ओळखला. एकोणपन्नास वर्षांनी त्यानं मला गाठलं होतं. शंभर माणसं माझ्याकडे पाहत होती आणि काही खिडकीकडे पाहत होती. त्या खिडकीकडे पाहणाऱ्यांना मी मनातून चांगलं ओळखत होतो.

‘मी हाय!’ हॉलच्या टोकाकडून आवाज आला. ‘माज्याबरबर हायेत ते! मालक हायेत माजे!’

माणसांत कधी आवाज न चढवणारी माझी बायको हात वर करून उभी होती. पदर खोचून, एकेक खुर्ची धरत, डुलणाऱ्या जमिनीवरून ती माझ्यापर्यंत आली. सगळ्यांच्या देखत पदरानं माझं तोंड पुसलं. त्या बुटवाल्या गृहस्थांना म्हणाली, ‘माफ करा बरं का दादा. बोट लागली यांना.’

तिनं मला बाहेर डेकवर नेऊन बाकावर बसवलं. ‘खाली बघू नका. पानी संपतंय तितं बघा.’ मग माझा डावा हात मांडीवर घेऊन मनगटाच्या घडीपासून तीन बोटं आडवी ठेवली, आणि त्यांच्याखाली दोन शिरांच्या मधोमध अंगठा दाबला. ‘बोट लागली की बोट लावायचं,’ ती म्हणाली आणि स्वतःच हसली. हळूहळू पोटातली ढवळाढवळ ओसरू लागली. अंगठ्यानं की वाऱ्यानं, मला सांगता येणार नाही. पण एक मात्र कळलं, रेल्वेपासून चाललेलं ते नामस्मरण नव्हतं.

‘हे माझ्या वहीत आहे,’ मी म्हणालो. ‘तुला कुणी शिकवलं?’

‘त्या म्हातारीनं. अकलूजच्या गाडीत. फाटा येईपर्यंत धरून बसली व्हती माजा हात.’

मी चक्रावलोच. ‘म्हणजे तुला तेव्हापासून उपाय ठाऊक होता? मग काशीला का नाही आलीस? रामेश्वरला?’

ती समुद्राकडे बघत म्हणाली, ‘गाडी लागायचं भ्या नव्हतं मला. कुनाबरबर हाय म्हनून कुनी इचारलं तर काय सांगायचं, त्येचं व्हतं.’

पाणी आणि आभाळ टेकतात तिथे मी पाहत होतो. बाहेरून सगळं स्थिर आणि आतून हलणारं, असा मी किती वर्षं बसलो होतो! मी म्हणालो, ‘त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.’

‘ठावं हाय की,’ ती म्हणाली. ‘मी वळून बघितलं व्हतं.’

एवढंच. अंगठा तिनं उचलला नाही.

मंडळात मी हे का सांगितलं नाही, ते आता उमजतंय. बोटीवर तिच्याजवळ बोलणं त्या मानानं सोपं होतं. आम्ही दोघं होतो आणि समुद्र होता. पण मी तिला नाकारलं ते माणसांत, तेव्हा कबूल करायचं तेही माणसांतच. मंडळात ती संधी आली, तिथेही मी स्वतःला भक्त म्हणून मिरवलं आणि ती शेवटच्या रांगेत मनगट धरून बसली. पुन्हा एकदा मी खिडकीबाहेर पाहिलं होतं.

देवानं माझं मागणं ऐकलं की नाही, यावर मी काही म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की मी मागण्याच्या कितीतरी आधी एक अनोळखी बाई ‘माझी आहे’ म्हणाली होती, आणि ती कृपा माझ्याच घरात, बायकोच्या अंगठ्याखाली, पन्नास वर्षं राहत होती. मी मात्र ती शोधायला काशीपर्यंत जाऊन आलो. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, हे कुणाचं आहे असं कुणी विचारलं की लाज बाजूला ठेवून हात वर करायचा, तेवढं जमलं तरी माझ्यासारख्याला पुष्कळ आहे.

गेल्या आठवड्यात मी बायकोला म्हणालो, ‘अकलूजला जाऊन येऊ. एसटीनं.’ तिनं पिशवी भरली. ती मनगट धरून खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी. कंडक्टर आला. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘दोन अकलूज. या माझ्याबरोबर आहेत. माझी बायको आहे.’

तो तरुण माणूस माझ्याकडे बघतच राहिला. ‘दिसतंय की, आजोबा. कार्ड दाखवा.’

पुढच्या बाकावरच्या बाया हसल्या. बायको पदर तोंडाला लावून हसली. गाडी चालत राहिली. श्रीपूरचा फाटा आला तेव्हा रस्त्याच्या कडेला कुणीच नव्हतं, एक उसाचा ट्रॅक्टर वळत होता. मी हात जोडले.

‘हितं कुटला देव?’ तिनं विचारलं.

‘देव नाही,’ मी म्हणालो. ‘सासूबाई.’

ती फाटा दिसेनासा होईपर्यंत मागे बघत राहिली. मग मनगट सोडलं आणि माझं बोट धरलं.