नारळ फोडलेलं मशीन

ठाकुर्लीच्या संचिताला ‘जाऊ दे ना’ म्हणणारा माणूस तिच्या मनातून कायमचा उतरायचा. आई रखमाबाई कपाळाला हात लावायची, “जिभेला हाड नाही कार्टीच्या!” पण याच कार्टीने ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सहा वर्षं राबून उघड्या कोळसाखाणीच्या मशीनचा ड्रम डिझाइन केला. मशीनच्या पोटाखालचा हा दातेरी ड्रम न थांबता फिरतो, कोळसा खरवडतो आणि मागच्या पट्ट्यावरून ट्रकमध्ये टाकतो. सुरुंग लावायची भानगडच नाही.

आता या कारखान्याची खोड ऐका. मशीनला हार घातला, नारळ फोडला की ते पास! चाचणी नुसती फोटोपुरती. त्या दिवशीही मोठ्या साहेब मृणालमॅडमनी सकाळीच नारळ फोडला, पेढे वाटले आणि चाचणीचा रिपोर्ट सहीसाठी संचितापुढे सरकवला.

संचिता आधी आवारात गेली. ठाण्यात कोळसा कुठला? म्हणून चाचणीसाठी सिमेंट आणि राखेचा लांबलचक ओटा ओतायचा, त्यावर मशीन चालवायचं. खाणीत मध्येमध्ये दगडाचे थर लागतात, म्हणून ओट्यातही दगड भरायचे. तिने हातोडी मारून बघितली, तर सगळं भुसभुशीत!

“सखारामकाका, दगड कुठायत?”

मिस्त्री खाली बघत म्हणाले, “मॅडम बोलल्या, टाकू नको. हार घातलेलं मशीन अडकलं तर अपशकुन होतो, ताई.”

संचिताचं डोकंच फिरलं. अपशकुन म्हणे! खाणीत ड्रम दगडावर उसळला तर केबिनमधल्या माणसाची हाडं कोण गोळा करणार? तिने सरळ मशीनवरचा हार उतरवला.

“दगड भरून नवा ओटा ओता, मॅडम. तोवर मी सही करणार नाही.”

“डोक्यावर पडलीयस का?”

“असेन. पण माझ्या सहीशिवाय मशीन गेटबाहेर जात नाही.”

महिनाभर मॅडम तिच्याशी बोलल्या नाहीत. ओटा मात्र ओतला गेला, पक्का झाला. केबिन रिकामी ठेवून मशीन लांबून रिमोटने चालवलं. पहिला दगडी थर खरवडला गेला. दुसऱ्यावर ड्रम धाडकन उसळला, अख्खं मशीन कलंडलं आणि केबिनची काच फुटून ड्रायव्हरच्या सीटवर सांडली.

सहा वर्षांची मेहनत! संचिताला रडूच फुटलं.

“झालं समाधान?” मॅडम फणकारल्या. “अगं, तुझंच डिझाइन पडलं!”

“माझंच आहे. मीच पाडणार,” म्हणत तिने डोळे पुसले, रिपोर्टवर ठळक ‘नापास’ लिहिलं आणि खाली सही ठोकली.